सांतो दोमिंगोत दीड दिवस: सत्तरीतले आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर असताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीहून डिसेंबरच्या सुट्टीत पुंता कानाच्या रिसॉर्टवर आठवडाभर जायचे आहे आणि त्यातला दीड दिवस डोमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीसाठी, सांतो दोमिंगोसाठी काढता येईल. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत. बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सगळे शाकाहारी आहेत. यादीत बारा ठिकाणे आहेत. रिसॉर्टवरून निघणारी एका दिवसाची बस सहल घ्यावी की मुक्काम करावा, आणि यादीतले काय गाळावे?

यादी चांगली आहे, पण तुमची अडचण बारा ठिकाणांची नाहीच. जुने शहर एवढेसे आहे: सोना कोलोनियाल म्हणून ओळखला जाणारा भाग साधारण एक चौरस किलोमीटरचा, आणि त्यातली बहुतेक ठिकाणे एकमेकांपासून पाच-सात मिनिटांवर. दिवस बिघडतो तो ऊन, पायऱ्या आणि वार या तिघांमुळे. सांतो दोमिंगो जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर आहे, पण समुद्राला लागून. डिसेंबरातही दुपारी तापमान २९-३० अंशांपर्यंत जाते आणि दमटपणा कोकणातला असतो. अकरा ते तीन या वेळात सावली नसलेल्या फरसबंदीवर वयस्क माणसांना फिरवले की तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांचा उत्साह संपतो आणि उरलेली ठिकाणे फक्त ‘पाहून झाली’ म्हणण्यापुरती उरतात.

बस सहलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या कुटुंबासाठी नको. पुंता काना ते सांतो दोमिंगो अंतर सुमारे २०० किलोमीटर. हमरस्ता चांगला आहे, खासगी गाडीने अडीच ते तीन तास लागतात. पण सहलीची बस पहाटे एकेका हॉटेलातून माणसे गोळा करत निघते, त्यात तासभर जातो. परतताना तेच उलट. म्हणजे सात-आठ तास बसमध्ये, आणि शहरात पोहोचता तेव्हा ऊन डोक्यावर. शिवाय या सहली गुहा, दीपगृह, जेवण आणि जुने शहर एकाच दिवसात बसवतात, त्यामुळे जुन्या शहराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन तास येतात, तेही दुपारचे. एकटा-दुकटा तरुण असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल, तर चालेल. तुम्ही एक रात्र जुन्या शहरातच मुक्काम करा.

तिकिटे अजून काढली नसतील तर याहून चांगला मार्ग आहे. न्यूअर्कहून थेट सांतो दोमिंगोच्या लास आमेरिकास विमानतळावर उतरा, शहर आधी पाहा, मग गाडीने पुंता कानाला जा आणि परतीचे विमान तिथून धरा. २०० किलोमीटरचा एक फेरा वाचतो. वाटेतल्या गुहाही शहराच्या पूर्वेला, पुंता कानाच्याच रस्त्यावर आहेत, त्यामुळे वाकडी वाट करावी लागत नाही. तिकिटे काढून झाली असतील तर पुंता कानाहून सकाळी आठला निघा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परता. खालचा क्रम दोन्हीकडे चालतो.

आता वार. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. कॅथेड्रल सोमवारी सहसा उघडे असते, पण रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असताना पर्यटकांना आत सोडत नाहीत. रविवारी दुपारी पोहोचायचे आणि सोमवारी सकाळी हिंडायचे, हा सर्वांत वाईट मेळ. मंगळवार ते शुक्रवार यातले कोणतेही सलग दोन दिवस घ्या. क्रूझ जहाज बंदराला लागले असेल तर दहा ते दोन गर्दी होते, म्हणूनही सकाळी नऊला पहिल्या दारात उभे राहणे फायद्याचे.

ठिकाणे कोणती, हे सांगण्याआधी हे शहर असे का आहे ते दोन मिनिटांत सांगतो, कारण त्यावरून क्रम ठरतो. कोलंबसचा भाऊ बार्तोलोमे याने १४९० च्या दशकात ओझामा नदीच्या पूर्व काठावर वस्ती केली. १५०२ च्या चक्रीवादळात ती उद्ध्वस्त झाली आणि गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याने शहर पश्चिम काठावर हलवून काटकोनात रस्ते आखले. पुढची वीस-पंचवीस वर्षे स्पेनचा अमेरिकेतला सगळा कारभार इथून चालला. मग मेक्सिको आणि पेरूची चांदी सापडली, खजिन्याची जहाजे हवानाला जमू लागली आणि सांतो दोमिंगो मागे पडले. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने सुमारे महिनाभर शहर ताब्यात ठेवले, जाळपोळ केली आणि २५,००० डुकाटांची खंडणी घेऊन गेला. पाडून नवे बांधायला पुढे पैसाच नव्हता, म्हणून सोळाव्या शतकातला आराखडा जवळपास तसाच राहिला. युनेस्कोने १९९० मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले. गाइडच्या तोंडी ‘अमेरिकेतले पहिले’ हे शब्द दर शंभर पावलांवर येतील. पहिले म्हणजे युरोपीय लोकांचे पहिले, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. ताइनो लोक या बेटावर कितीतरी आधीपासून राहत होते.

पहिला दिवस अर्धाच आहे. दुपारी बाराच्या सुमारास पोहोचून सामान टाका, जेवा आणि तीनपर्यंत झोपा. हा सल्ला ऐकताना वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण आई-बाबांची संध्याकाळ त्यावरच उभी असते. तीनला कॅथेड्रल. काम १५१० च्या दशकात सुरू झाले आणि १५४० च्या सुमारास आटोपले. आत जाताना वर पाहा: गॉथिक पद्धतीच्या कमानींच्या फासळ्या आहेत. पश्चिमेचा दर्शनी भाग मात्र स्पॅनिश प्लातेरेस्को शैलीचा, सोनाराने कोरल्यासारखा. पोवळ्याचा चुनखडक उतरत्या उन्हात पिवळाधमक होतो, म्हणून कॅथेड्रल दुपारनंतर घ्यायचे. आत दगडाचा गारवा असतो आणि बसायला बाके असतात, त्यामुळे चाळीस मिनिटे सहज जातात. गुडघ्यावरच्या चड्ड्या आणि उघडे खांदे चालत नाहीत. एक पातळ ओढणी किंवा उपरणे पिशवीत असू द्या.

कोलंबसच्या अस्थी इथे आहेत का, हा प्रश्न मुलगी विचारेलच. १७९५ मध्ये स्पॅनिशांनी एक पेटी हवानाला नेली, ती १८९८ मध्ये सेव्हियाला गेली. पण १८७७ मध्ये याच कॅथेड्रलच्या दुरुस्तीत कोलंबसच्या नावाची अक्षरे असलेली शिशाची पेटी सापडली. डोमिनिकन लोकांचे म्हणणे, स्पॅनिशांनी चुकीची पेटी नेली. ही दुसरी पेटी १९९२ मध्ये नदीपलीकडच्या दीपगृह-स्मारकात हलवली. सेव्हियाच्या अस्थींची डीएनए तपासणी झाली, इथल्यांची नाही.

कॅथेड्रलसमोर पार्के कोलोन आहे. संध्याकाळी तिथल्या बाकांवर बसणे हाच कार्यक्रम ठेवा. तिथून एल कोंदे हा फक्त पायी चालणाऱ्यांचा रस्ता पश्चिमेला एक किलोमीटरच्या आत पुएर्ता देल कोंदे या वेशीपर्यंत जातो. हैतीपासूनचे स्वातंत्र्य २७ फेब्रुवारी १८४४ रोजी या वेशीवर जाहीर झाले. वेशीच्या आत बागेत दुआर्ते, सांचेस आणि मेया या तीन राष्ट्रपुरुषांची समाधी आहे. रस्ता सपाट आहे, पण दुकाने साधारण आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरत असेल तर अर्ध्यातून परता, फार काही हुकणार नाही.

दुसऱ्या दिवसाची सकाळ ही या प्रवासातली सर्वांत मोलाची वेळ आहे. नऊला फोर्तालेसा ओझामा. किल्ला मोठा नाही, पण मैदान उघडे आहे, म्हणून तो सर्वांत आधी. १५०२ ते १५०८ दरम्यान बांधलेला तोर्रे देल ओमेनाखे हा सुमारे १८ मीटर उंच बुरूज विसाव्या शतकापर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. जिना अरुंद, पायऱ्या उंच, दारे ठेंगणी. बाबांनी वर जाऊ नये. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो आणि धरायला नीट कठडा नाही. एकाने मुलीला घेऊन वर जावे, बाकीच्यांनी खाली नदीच्या बाजूच्या तटाजवळ थांबावे. नदीचे मुख, बंदर आणि किल्ला इथेच का बांधला हे तिथून बसल्या जागी कळते.

किल्ल्याच्या दारातून बाहेर पडलात की काये लास दामास. १५०९ मध्ये कोलंबसचा मुलगा दिएगो याची बायको मारिया दे तोलेदो इथे आली. तिच्याबरोबरच्या मानकरणींवरून रस्त्याला हे नाव पडले, असे सांगतात. रस्ता दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे सकाळी नदीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या फुटपाथवर घरांची सावली पडते. त्याच बाजूने चाला. अंतर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. वाटेत ओव्हांदोचे घर (आता हॉटेल), जेझुइटांचे अठराव्या शतकातले चर्च ज्याचे पुढे राष्ट्रीय समाधिस्थळ झाले, आणि १७५३ चे सूर्यघड्याळ आहे. समाधिस्थळात दहा मिनिटे पुरतात, आवाज नको आणि टोपी काढा. सूर्यघड्याळापाशी मुलीला मनगटावरच्या घड्याळाशी ताळा जमवायला सांगा, तेवढ्यात आई-बाबांना दम खाता येतो. शेजारचे कासास रेआलेस संग्रहालय स्पॅनिश कारभाराचे आहे. कागदपत्रांची आणि शस्त्रांची आवड असेल तरच आत जा.

रस्ता संपतो तिथे प्लासा दे एस्पान्या आणि आल्कासार दे कोलोन. दिएगोचा हा वाडा १५१० च्या दशकात उभा राहिला, पुढे ओस पडला आणि १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधून काढला. म्हणजे आज दिसणारे सगळेच दगड जुने नाहीत आणि आतले फर्निचरही त्या काळच्या घरात असायचे तसे इकडून-तिकडून आणून मांडलेले आहे. हे माहीत असले की अपेक्षाभंग होत नाही. ऑडिओ गाइड घ्या, तासभर लागतो. वरच्या मजल्याला जिना आहे, पण किल्ल्यापेक्षा बराच सोपा. सावकाश गेलात तर बाबांना जमेल. वरच्या कमानींच्या ओवरीत वारा असतो. चौकाकडचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी फोटो काळे येतात. फोटो हवा असेल तर आदल्या संध्याकाळी जेवायला याच चौकात या.

साडेअकराच्या सुमारास ऊन चढले की छताखाली जायचे. बहुतेकांच्या यादीत नसलेले एक ठिकाण इथे सुचवतो: आल्कासारपासून जवळच, जुन्या जहाजवखारीतले आतारासानास रेआलेस संग्रहालय. बेटाभोवती बुडालेल्या जहाजांतल्या वस्तू तिथे आहेत. १७२४ मध्ये ग्वादालुपे आणि तोलोसा ही दोन जहाजे सामाना उपसागराजवळ वादळात सापडली. त्यांच्यावर मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींसाठी पारा होता, कारण दगडातून चांदी वेगळी काढायला पारा लागायचा. नऊ वर्षांच्या मुलीला हे चौथ्या चर्चपेक्षा शंभरपट आवडेल.

आता काय गाळायचे. सान फ्रान्सिस्को मठाचे आणि सान निकोलास दे बारी रुग्णालयाचे भग्नावशेष. मठ चढावर आहे, डागडुजी चालू असली तर कुंपणाबाहेरूनच पाहावा लागतो. रुग्णालय १५०३ चे, ओव्हांदोने सुरू केलेले, पण आता उभ्या भिंती आणि कबुतरे. वाटेत लागले तर पाहा. फारो आ कोलोन, म्हणजे ते दीपगृह-स्मारक, गाडीतूनच पाहा. १९३१ च्या स्पर्धेत निवडलेला आराखडा १९९२ मध्ये पुरा झाला. आडव्या क्रुसाच्या आकाराचा हा काँक्रीटचा डोंगर जवळून उदासच वाटतो.

एक गाळू नये असे मात्र यादीत नव्हते: दोमिनिकन या ख्रिस्ती भिक्षुपंथाच्या मठाचे चर्च. २१ डिसेंबर १५११ रोजी आंतोनियो दे मोंतेसिनोस या भिक्षूने याच शहरात, दिएगो कोलोन आणि इतर जमीनदारांसमोर, ‘हे ताइनो माणसे नाहीत काय?’ असा जाब विचारणारे प्रवचन दिले. तेव्हा चर्च गवती छपराचे होते, दगडी इमारत नंतरची. स्थानिक लोकांची बाजू मांडणाऱ्या बार्तोलोमे दे लास कासास याने पुढे याच मठात दीक्षा घेतली. कॅथेड्रलहून पाच-सहा मिनिटे चालत. मोंतेसिनोसचा अवाढव्य पुतळा समुद्रकाठी आहे, मेक्सिकोने दिलेला, ओरडण्यासाठी तोंडाशी हात नेलेला. तो गाडीतून दिसतो. विसाव्या शतकाची ओढ असेल आणि मुलीला घेऊन कोणी एक बाहेर थांबायला तयार असेल, तर आर्सोबिस्पो नोउएल रस्त्यावरचे प्रतिकार-स्मृती संग्रहालय पाहा. हुकूमशहा त्रुहियोने १९३६ मध्ये या राजधानीला स्वतःचे नाव दिले होते, ते १९६१ मध्ये त्याच्या खुनानंतर गेले. त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल बहिणींची हत्या २५ नोव्हेंबर १९६० ची, आणि स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा जागतिक दिवस त्याच तारखेला पाळतात.

जेवून दोनला निघा. वाटेत लोस त्रेस ओहोस, चुनखडकाच्या गुहांतली तळी. नाव ‘तीन डोळे’, तळी चार. चौथ्या तळ्याला दोरीने ओढायच्या तराफ्यावरून जातात, त्याचे पैसे वेगळे. पायऱ्या खडकात कोरलेल्या, उंच, ओल्या आणि शेकड्यांनी. बाबांनी इथे उतरू नये, यात तडजोड नको. तुम्ही आणि मुलीने सव्वा तासात आटोपावे, आई-बाबा वरच्या बागेत झाडाखाली बसतील. पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. पोहायला बंदी आहे. तिकिटाला रोख पेसो ठेवा. चारला निघालात की सातपर्यंत पुंता काना. थांबणारी गाडी आणि ड्रायव्हर आधी ठरवा, भाव थांबण्याच्या वेळेसकट आणि टोलसकट बोलून घ्या. शहरातल्या शहरात उबर चालते. टॅक्सीला मीटर नसतो.

खाणे. शाकाहारी माणसाची खरी पंचाईत डाळी-घेवड्यात होते: आबिचुएलास, म्हणजे शिजवलेला घेवडा, दिसतो निर्दोष, पण त्यात हॅमचा तुकडा किंवा चिकनच्या अर्काची वडी असते. म्हणून ‘सिन कार्ने’ एवढ्याने भागत नाही, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाय-डुकराचे मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन सोपीता’ (मांस, कोंबडी, मासे, हॅम आणि ती अर्काची वडी नको) असे पाचही म्हणा किंवा फोनवर लिहून दाखवा. नाश्त्याला मांगू, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडून केलेला लगदा, वर परतलेला कांदा. तो सलामी, तळलेले चीज आणि अंडे यांच्याबरोबर येतो, सलामी काढून मागवा. मोरो दे ग्वांदुलेस हा तुरीच्या दाण्यांचा भात आहे. आईंना चव ओळखीची वाटेल, फक्त सोपीता नसल्याची खात्री करा. तोस्तोनेस (कच्च्या केळ्याचे तळलेले काप), उकडलेला युका (कसावा), वांग्याची भाजी बेरेन्हेना गिसादा हे बहुधा मिळते. लांबी हे भाजीचे नाव नाही, तो शंखातला जीव आहे. नळाचे पाणी पिऊ नका, बाटलीबंदच.

बिलात १८ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क लागते. मेन्यूत १,००० लिहिलेले असेल आणि कर धरलेला नसेल तर बिल १,२८० पेसो येते. फसवणूक नव्हे, कायदाच तसा आहे. त्यामुळे वर पुन्हा १५-२० टक्के टिप देण्याची अमेरिकी सवय सोडा. कार्डाच्या यंत्राने डॉलर की पेसो विचारले तर पेसो निवडा, डॉलरचा दर नेहमी महाग पडतो. पार्के कोलोनजवळ गळ्यात ओळखपत्र अडकवलेले गाइड भेटतील. घ्यायचा असेल तर वेळ, भाव आणि ‘दुकानात नेणार नाही’ हे तिन्ही आधी ठरवा, नाहीतर अर्धा वेळ अंबर (झाडांची दगड झालेली राळ) आणि लारिमारच्या दुकानांत जातो. लारिमार हा निळा दगड फक्त याच देशात, बाराओना भागात मिळतो. अंबर घ्यायचेच असेल तर सुटा खडा मिठाच्या दाट पाण्यात टाकून पाहू द्या म्हणा. अंबर तरंगते, काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडते. रस्त्याच्या कडेला उभे राहून फोन हातात धरू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात.

कागदपत्रांत दोन गोष्टी तिकिटाआधी तपासा. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळा डोमिनिकन व्हिसा लागत नाही. दहा डॉलरचे पर्यटक-शुल्क विमानाच्या तिकिटातच असते. येताना आणि जाताना सरकारी ई-तिकीट भरावे लागते, ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी. पण तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, त्याचा पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल आणि हातात फक्त मंजुरीचा कागद असेल तर जाऊ नका. संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत एच-१बीला कॅनडा-मेक्सिकोपुरतीच आहे, कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना मिळते. आई-बाबा पर्यटक व्हिसावर असतील तर परतताना त्यांना नवे सहा महिने मिळतीलच असे नाही. ३० दिवसांच्या आत जवळच्या बेटावरून परतणाऱ्याला अधिकारी आधीचीच मुदत कायम ठेवू शकतात. त्यांचे भारताचे परतीचे तिकीट जुन्या तारखेच्या आतलेच ठेवा.